शेवटची गाठ सुटेपर्यंत

रापणकार मामा (किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे), सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे आभाराचं पत्र बिननावाचंच. गोव्यातल्या करंजाळेच्या किनाऱ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शब्द जुळवत बसलो तर पाऊस येईल, आणि मग तुम्ही होडी वर ओढून घरी बसाल. त्यामुळे सुचेल तसं लिहितोय.

आधी न आलेल्यांबद्दल. आमच्या मे महिन्याच्या नौकानयन शिबिराचा शेवट मुलांच्या शर्यतीने होतो, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. ऑप्टिमिस्ट होडी म्हणजे जेमतेम २.३ मीटर लांब, सांगाडा ३५ किलोचा, एक मूल आणि एक शीड. उलटली तरी बुडत नाही, कारण आत हवेच्या तीन पिशव्या असतात. पण सरळ केल्यावर ती काठोकाठ भरलेली असते, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते पाणी कापलेल्या डब्याने उपसायला वेळ लागतो. तेवढ्यात ओहोटी होडीला कुठच्या कुठे नेते. म्हणून आठ-दहा होड्यांमागे एक बचाव बोट हवीच. होड्या होत्या ३२. आमची स्वतःची बोट एक, दोन भाड्याने ठरवलेल्या. त्यांची आगाऊ रक्कमही दिलेली. पहिली आली ती किल कॉर्डशिवाय. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी ती लाल दोरीच नाही, म्हणजे पाण्यातल्या मुलांमध्ये पंखा मोकाट. ती आम्ही परत पाठवली. दुसरी डॉल्फिन दाखवायला गेली होती. सुट्टीच्या दिवसांत त्या फेऱ्यांना पैसे जास्त मिळतात, हे त्या माणसाने फोनवर अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्या अंगातला प्रामाणिकपणा बहुतेक तेवढाच असावा.

तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही आलात ते आमच्या शर्यतीच्या रेषेचा बोया ‘चालतोय’, म्हणजे जागेवरून सरकतोय, हे वाळूवरून बघून.

तो चालतच होता. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून आत येत होता आणि ओहोटीचं पाणी त्याच्या तोंडावर बाहेर जात होतं. मांडवी नदीच्या मुखाशी अशा वेळी आखूड, उभ्या लाटा उठतात. स्टार्ट लाइनवर थांबलेल्या होड्यांना पाणी आपणहून पुढे ढकलतं, मुलं शिट्टीच्या आधीच रेषा ओलांडतात आणि सगळ्यांना माघारी बोलवावं लागतं. त्या दिवशी दोनदा बोलवावं लागलं. त्यातून रेषेच्या डाव्या टोकाचा बोया नांगर ओढत समुद्राकडे निघालेला. पाणी चार मीटर, आम्ही दोर सोडलेला बारा, साखळी नाही. दोर वरून खेचला की नांगराची टोकं वाळूतून उपटून येतात, हे आम्हीच दरवर्षी शिकवतो. शिकवणं एक, करणं दुसरं.

तुम्ही काही न बोलता तुमचा नांगर दिलात आणि त्याला चार मीटर साखळी. साखळीच्या वजनाने दोर तळाशी आडवा राहतो, ओढ जमिनीला समांतर पडते आणि नांगर उलट जास्त रुततो. वर दोरही पंचवीस मीटरपर्यंत वाढवलात. आता एवढा सैल दोर बोयाजवळ तरंगणार आणि वळसा घालणाऱ्या होड्यांच्या डॅगरबोर्डला, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीला, अडकणार, हे आमच्या लक्षात यायच्या आत तुम्ही जाळ्याचा एक दगड काढून बोयाखाली दीड-दोन मीटरवर दोराला बांधलात. दोर तिथून सरळ खाली लोंबला. शर्यतीच्या पुस्तकांत यासाठी वेगळं वजन विकत घ्यायला सांगतात.

मग चारच्या सुमाराला तुम्ही एकच वाक्य बोललात. ‘वारो पडला. भुरग्यांक हाडात.’ वारा पडलाय, मुलांना आणा. आम्ही सगळे पश्चिमेकडे बघत होतो आणि तुम्ही घाटाकडे. वळवाचा पाऊस आपल्याकडे पूर्वेकडून येतो. सह्याद्रीवर ढग काळा होतो, खारा वारा एकदम मरतो, शिडं लोंबतात, आणि मग उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे, झोत सुटतो. किनाऱ्यावर उभ्या माणसाला तो गार, बरा वाटतो. होडीतल्या मुलाला तो आग्वादच्या टोकाबाहेर, खुल्या समुद्रात नेतो. आम्ही वर एन, खाली ए असे झेंडे चढवले, म्हणजे शर्यत रद्द, सगळे परत. झेंडे वर जाईपर्यंत तुमची होडी निम्म्या वाटेवर होती.

मुलांना ओढून आणायचं तुमचं तंत्र बघून आमचे दोन प्रशिक्षक गप्प झाले. प्रत्येक ऑप्टिमिस्टला स्वतःचा आठ मीटरचा तरंगता दोर असतो. तुम्ही तो डोलकाठीच्या बुंध्याशी बांधायला सांगितलात, डॅगरबोर्ड वर ओढून घ्यायला लावलात (खाली असला की ओढताना होडी डावी-उजवी नाचते), मुलांना मागे सरकून बसवलंत, म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक, पाण्यात घुसणार नाही. मग मोठ्या दोराला एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा होड्या जोडल्यात. पहिला ताण हळू. वेग माणूस झपाझप चालेल एवढाच. उलटलेल्या होडीकडे गेलात ते वाऱ्याखालून, वाऱ्याकडे तोंड करून, आणि मूल हाताच्या टप्प्यात यायच्या आधी इंजिन बंद. दर वेळी बंद.

पण हे पत्र त्याबद्दल नाही. ते त्या दोरीबद्दल आहे.

जाळ्याची निळी, बोटभरही जाड नसलेली नायलॉनची दोरी. मासळीचे दोन खवले तिला चिकटलेले. दुपारी मुलं पाण्यात जात होती तेव्हा तुम्ही होडीच्या कडेवर बसून प्रत्येक होडीमागे तिला एक गाठ मारत होतात, ओढली की सुटणारी. आम्हाला वाटलं, हाताला चाळा. परत येताना मुलाचा पाय वाळूला लागला की तुम्ही एक गाठ सोडायचात. पाय लागल्यावरच. होडी किनाऱ्याला आली म्हणून नाही.

आमच्याकडे कागद होता. जाताना सही, येताना सही, छापील तक्ता, वर क्लिप. कागद म्हणाला ३२ गेले, ३२ आले. पाऊस सुरू झाला होता, आईबाप टॉवेल घेऊन उभे, लोक निघायला लागले. तुमच्या दोरीत एक गाठ शिल्लक होती.

एकाच आडनावाची दोन भावंडं, एकाच्या येण्याची खूण दोघांच्या रकान्यात. चूक आमची, साधी आणि भयंकर. तुम्ही वाद घातला नाहीत. ‘एक आसा’, एक आहे अजून, एवढं म्हणून होडी ढकललीत. मुलगी सापडली जाळ्याच्या एका बोयाला धरून. तिने शिबिरात शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं, स्प्रिट, म्हणजे शीड ताणणारी तिरकी काठी, सोडून शीड पाडलं होतं, दोर बोयाला बांधला होता, पाणी उपसत बसली होती. तुम्ही इंजिन बंद करून तिला म्हणे पहिलं विचारलंत, भूक लागली का. ती वाळूवर उतरली, तुम्ही गाठ सोडलीत आणि दोरी खिशात घातलीत.

नौकानयनाच्या नियमांच्या पुस्तकात पहिलाच नियम आहे, १.१: संकटातल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सगळी मदत करायची. शर्यत जिंकायचे नियम त्याच्यानंतर येतात. ते पुस्तक आगाऊ रक्कम घेणाऱ्यांच्या टेबलावर असेलही. तुमच्याकडे नाही. किनाऱ्यावर अशी माणसं अजून आहेत म्हणून आपण पोरांना पाण्यात सोडतो, नाहीतर कोण सोडेल? भाड्याच्या पावतीवर कोणी सोडत नाही.

दोरी आम्ही तुमच्याकडून मागून घेतली, ती आता शेडमध्ये खिळ्याला आहे. शेजारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीचा फोटो आहे. दिवाडीला बांधलेल्या त्या बोटीतून नौदलाच्या सहा जणी २०१७ च्या सप्टेंबरात याच नदीतून निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात पृथ्वीला फेरी मारून इथेच परतल्या. मुलं आधी तो फोटो बघायची. आता आधी दोरी बघतात आणि गाठ कशी मारायची ते विचारतात. कागदी तक्ता राहील, पण पुढच्या हंगामापासून वाळूवर एक माणूस फक्त दोरी घेऊन बसेल. त्याला त्या वेळेत दुसरं काम द्यायचं नाही, फोनसुद्धा नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पेट्रोल तरी घ्या, वीस लिटर भरून ठेवलंय. तुमचा नांगर आणि साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल लावून शेडमध्ये आहे, दगडसुद्धा. १ जूनला मासेमारी बंदी लागते, त्याआधी येऊन घेऊन जा. सकाळी आलात तर बरं, मुलं असतात.

देव बरें करूं.

तुमचेच,
शिबिराचे प्रशिक्षक आणि ३२ मुलांचे आईबाप