सिंगापूरला गाडी बदलायची आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहून काढतेय. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून फ्रिजवर लावा.

आधी नावडतं ते सांगून टाकते. हा तुम्हाला न्यायला येणार होता, तो येत नाहीये. त्याला बोल लावू नका, मीच नको म्हटलं. त्याच्या रजा मोजून चार आठवडे. त्यातला एक येण्याजाण्यात गेला तर बाळ घरी आल्यावर आम्ही काय करायचं? मेलबर्नची तिकिटं काल काढली. तारीख पितृपक्षातच आलीय, आजोबांच्या तिथीनंतर दोन दिवसांनी. म्हणजे रामकुंडावरचं सगळं नेहमीसारखं करून मगच निघायचंय. बाबा, सर्वपित्री होऊन जाऊ दे म्हणाल, माहितीय मला. पण तोवर थांबलो तर तुमच्या आधी बाळच पोचेल.

आणि विमान थेट नाही. मध्ये सिंगापूरला पाच तास थांबून दुसऱ्या विमानात बसायचंय.

बाबा, तुमचं ते "ओझरहून दिल्ली, दिल्लीहून थेट मेलबर्न" मी दोन रात्री बसून पाहिलं. त्यातही विमान बदलावंच लागतं. वर ती दोन तिकिटं वेगवेगळी निघाली, म्हणजे दिल्लीला पट्ट्यावरून चारही बॅगा तुम्ही उतरवायच्या, टर्मिनल शोधायचं, परत रांगेत उभं राहायचं. आणि पुढे बारा तास एका जागी. मागच्या वर्षी पुण्याहून परत येताना चार तासांत तुमचे पाय कसे सुजले होते ते आईला विचारा. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, मग पाय मोकळे, मग साडेसात तास. डॉक्टरही म्हणाले, हे बरं.

तुम्ही जन्मभर एचएएलमध्ये विमानं जोडलीत, तेव्हा विमानाचं तुम्हाला मी काय सांगणार. पण मिगमध्ये मधल्या थांब्याची भानगड नसते. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, हे तुम्हीच जेवताना मला पोळीचे तुकडे मांडून शिकवलंत. 1947 साली सिडनीहून लंडनला निघालेलं विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, ट्रिपोली करत चार दिवसांनी पोचायचं. त्यापुढे तुमचा एक थांबा काहीच नाही.

खरं तर हे मनमाडसारखंच आहे. परभणीला आत्याकडे जाताना आपण मनमाडला गाडी बदलायचो ना, तसंच. फरक एवढाच की ट्रंक आपण उचलायची नाही. मुंबईला दिलेल्या बॅगा थेट मेलबर्नला मिळतात, सिंगापूरला त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. फक्त मुंबईच्या काउंटरवर आई, तू बॅगेला लावलेली पट्टी वाच. मोठ्या अक्षरांत एम-ई-एल हवं. मोठं एस-आय-एन दिसलं तर तिथेच बोल, लाजू नकोस, मागच्यांना थांबू दे. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मुंबईलाच मागून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर नसतो, म्हणून मी पाठवलेलं व्हिसाचं पत्र छापून वरच्या कप्प्यात ठेवा. सिंगापूरचा व्हिसा लागत नाही, कारण आपल्याला तिथल्या इमिग्रेशनच्या बाहेर पडायचंच नाहीये. विमानातून उतरलात की सगळा लोंढा जिकडे जाईल तिकडे जाऊ नका. त्यातले निम्मे घरी चाललेले असतात. "ट्रान्सफर" लिहिलेल्या पाटीमागे जायचं.

आई, तुला व्हॉट्सॲपवर आलेला तो चाळीस मीटरचा धबधबा खरा आहे, पण तो बाहेरच्या भागात आहे. टर्मिनल 2 वरून 3 वर जायची वेळ आली तर मधली छोटी गाडी त्याच इमारतीतून जाते, काचेतून दिसेल तेवढा बघ. फुलपाखरांची बाग मात्र आतच आहे, टर्मिनल 3 मध्ये. गेट जवळ असेल तरच जा.

आता जे लिहायला मी तीन दिवस घेतले ते. दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, पत्र खाली ठेवू नका. तुम्ही रोज सकाळी पांडवलेणी चढता हे मी इथे सगळ्यांना सांगत असते. प्रश्न चढण्याचा नाहीच. तिथली चाल लांब असते, पाट्या शेकड्यांनी, आणि रात्रभर झोप झालेली नसणार. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला रस्ता पाठ असतो, रांगेतही पुढे घेतात. तुम्ही त्याला गाइड समजा, हवं तर खुर्चीत आईची पर्स ठेवा आणि शेजारून चाला. फक्त नको म्हणून परत पाठवू नका. आईला एकटीला बसवलं तर ती बसणार नाही, हे तुम्हालाही माहितीय. आणि हे लोक मध्येच एखाद्या जागी बसवून "येतो" म्हणून जातात. घाबरायचं नाही, पण बोर्डिंग पास आणि पासपोर्ट त्यांच्याजवळ सोडायचे नाहीत. बाथरूमला जायचं असेल तर तो जायच्या आत सांगायचं. विमानातून उतरताना खुर्चीवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, तेव्हा माणसं उठली म्हणून धडपडत उठू नका.

आईच्या इन्सुलिनमुळेच मी पाच तासांचा थांबा घेतला, दोन तासांचा नाही. बाबांचं एचएमटी नाशिकच्याच वेळेवर राहू दे, काटे फिरवायचे नाहीत. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. तुम्ही तिथे साडेसातला उतराल, घड्याळात पाच वाजलेले असतील. आठ झाले की, म्हणजे तिथले साडेदहा, आईचं इन्सुलिन. डॉक्टरांना विचारून ठरवलंय हे. पण आई, खाणं हातात आल्याशिवाय टोचायचं नाही, विमानात तर मुळीच नाही. ती ट्रॉली आपल्या ओळीपर्यंत कधी येईल सांगता येत नाही. पेन, सुया, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, सगळं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकलंस तर खाली सामानाच्या जागी थंडीत गोठायचं.

जेवण "एशियन व्हेजिटेरियन" सांगितलंय. "हिंदू मील" मुद्दामच नाही घेतलं, त्यात चिकन-मटण निघतं. हे कुणी ठरवलं देव जाणे. तरी दशम्या घेच, त्या पहिल्या विमानात संपवा. विमानात हवा कळसूबाईच्या माथ्याहून विरळ असते आणि कोरडीही, म्हणून घसा सुकतो, आणि बसून बसून पाय जड होतात. बाबा, दर तासाला उठून मागपर्यंत एक फेरी. पाणी मागायला संकोच नको. सिंगापूरला बाटली भरून घेता येते, पण तपासणी पुन्हा अगदी गेटपाशी होते, तिथे भरलेली बाटली काढून घेतात. तेव्हा रिकामी करून आत जायचं. ती रिकामी बाटली टाकू नका. बाथरूममध्ये जेट असेलच असं नाही, एवढंच लिहिते.

शाल दोन घ्या. मोजे काढू नका. लोणचं आणि तूप हातातल्या पिशवीत चालत नाही, त्यालाही ते पातळ पदार्थच समजतात. पेढे तर अजिबात नको, खव्याची मिठाई ऑस्ट्रेलियात उतरवूच देत नाहीत. कोंडाजीचा चिवडा बंद पाकिटात आणा आणि उतरायच्या आधी फॉर्मवर खाण्याच्या प्रश्नाला "हो" लिहा. दाखवलं तर बहुतेक सोडतात, लपवलं तर दंड. डिंक, खारीक इथल्या देशी दुकानात मिळतं. लाडू इथे ये आणि कर, मी परात घेऊन ठेवलीय.

बाबा, मनमाडला तुम्ही फिरकीचा तांब्या घेऊन पाणी भरायला उतरलात आणि गाडी हलली, ते अजून माझ्या स्वप्नात येतं. आई खिडकीच्या गजाला धरून हाका मारत होती आणि मी तिच्या पदरात तोंड खुपसून. तुम्ही शेवटच्या डब्यात चढलात, आणि दोन स्टेशनांनंतर तांब्या घेऊन हसत आलात. पाणी अर्धं सांडलेलं. मी तुमच्याशी परभणीपर्यंत बोलले नव्हते. विमानाला शेवटचा डबा नसतो, बाबा. सिंगापूरला पाणी भरायचं तर दोघांनी मिळून जायचं. चहा बघतो, टीव्ही बघतो, गेट नक्की तेच आहे का बघून येतो, असं एकट्याने काहीही बघून यायचं नाही. गेट बदलू शकतं, पण ते बोर्डावर दोघांनी मिळून बघा. आणि तासभर आधी गेटवर जाऊन बसा. तुम्हाला नाशिकरोडलाही दोन तास आधी जायची सवय आहे, तीच इथे वापरा.

उतरलात की तिथल्या वाय-फायवर एक मेसेज. नाही जमलं तरी मी विमान बघत असेनच, रात्रभर. झोप तशीही लागत नाही आता, कुशीवर वळता येत नाही.

तुमची,
ठमी

ता. क. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, तुळशीला पाणी त्याच घालणार आहेत, मी बोललेय. आणि बाबा, एचएमटीला निघायच्या रात्री चावी द्या. सगळा हिशोब त्या घड्याळावर आहे.