मनू ‘चालेल’ म्हणाली

ठाणे
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही म्हणालात, “पोरगी आधीच मुखदुर्बळ, तिला दोन हजार माणसांच्या जत्रेत कशाला नेताय?” आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईच्या हातात दिलात. आईने नारळ किती पडले ते सांगितलं, मी बरं बरं म्हटलं, झालं. रात्रभर झोप नाही. म्हणून लिहायला बसले. कागदावर तुम्हाला मध्येच फोन आईकडे देता येत नाही.

तर आधी सांगून टाकते. बुकिंग झालंय, पैसे भरलेत. पाडव्याच्या संध्याकाळी मुंबईहून जहाज सुटेल. पाच रात्री, लक्षद्वीप आणि येताना गोवा. मामंजींची पंच्याहत्तरी आहे, त्यांच्याकडचे सगळे मिळून आम्ही अकराजण. यंदा दिवाळीला अंजर्ल्याला येणं नाही. तुम्ही ओटीवरची खाट मनूसाठी विणून घेतलीत हे आई बोलून गेली, तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही.

मला नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. पण मामंजींनी स्वतःहून आयुष्यात काही मागितलेलं मी सोळा वर्षांत पाहिलं नाही. शिवाय मनूला ठाण्यात ठेवायचं तर कोणाकडे? तुमच्याकडे पाठवायची तर एकटीला एसटीने? हे सगळं खरं आहे. तरी बुकिंगचं बटण दाबताना तुमचाच चेहरा डोळ्यांसमोर होता, हेही खरंच.

मनूला विचारलं होतं. तिने पुस्तकातून मान वर न काढता “चालेल” म्हटलं. आता या ‘चालेल’चा अर्थ लावत मी पंधरा दिवस काढलेत. आवडेल असा, की तुम्ही ठरवलंच आहे तर असा? दादरला आत्याकडे राहायला जायचं का असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मीही हेच म्हटलं होतं बाबा. टोमणा नाही हा. आत्याने माझं सगळं प्रेमाने केलं आणि मी शिकले ती तिच्यामुळेच. पण ‘चालेल’ म्हणणाऱ्या मुलीला दुसऱ्यांदा विचारायचं असतं, एवढं मला त्यातून कळलं. म्हणून मी मनूला दुसऱ्यांदा विचारलं. सगळ्यांसमोर नाही, रात्री दिवा मालवल्यावर. “तुला नक्की कशाची भीती वाटते?” बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मला नाचायला लावतील.”

बस्स, एवढंच. समुद्राची भीती नाही, माणसांची नाही, फक्त कोणीतरी हात धरून मध्ये ओढेल याची. ते मी दुसऱ्याच दिवशी मार्गी लावलं. नणंदेला सांगितलं, मामेसासूबाईंनाही सांगितलं (त्यांना दोनदा सांगितलं), की मनूला कोणी “बोलत का नाहीस गं” म्हणायचं नाही आणि पोहण्याच्या तलावापाशी गाणी लागली की तिला हाक मारायची नाही. मुलांसाठी खेळ असतात, पण जायलाच हवं अशी सक्ती नसते. जेवायलाही सगळ्यांच्या बरोबरच बसायला हवं असं नाही, ताट घेऊन काचेजवळ एकटं बसलं तरी कोणी विचारत नाही. अंजर्ल्याला ती तरी काय करते? सकाळी पुळणीवर जाते, कुरव पक्षी मोजते, वहीत टिपून ठेवते, दुपारी ओटीवर लोळत वाचते. तुम्ही दोघं तिला त्रास देत नाही म्हणून ती तुमच्याकडे खूश असते. जहाजावर पहाटे डेकवर चिटपाखरू नसतं म्हणे. तिला तेवढं पुरे आहे. लक्षद्वीपची छत्तीस बेटं आणि वस्ती फक्त दहांवर, हे तिनेच मला सांगितलं. जिला जायचंच नाही ती एवढं वाचेल का? मला वाटतं नाही. पण मी आई आहे, मला हवं तेच वाटणार.

आई, तुझी काळजी वेगळी, ती मला ठाऊक आहे. जेवणखाण. तर शाकाहारी जेवण सगळीकडे आहे, जैनसुद्धा आहे. वरण-भात मिळतो. मनूला सकाळी दूध लागतं, तेही मिळतं. खोली तिघांत एक, स्वतःचं न्हाणीघर. मनूचा पलंग भिंतीतून खाली येतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा, म्हणजे पडदा ओढला नाही तरी तिचं ती वेगळी. बिनखिडकीची खोली स्वस्त होती, पण आम्ही खिडकीची घेतली, जास्त पैसे देऊन, आणि खालच्या मजल्यावर बरोबर जहाजाच्या मध्यावर. तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. आणि हल्लीच्या जहाजांना पोटाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डोलणं आवरतात. तरीही बोट लागलीच तर गोळ्या घेतल्या आहेत. पण तुझ्या आलेपाकावर माझा जास्त विश्वास आहे. पार्सलने पाठव.

बाबा, आता तुमच्याशी. सातवी झाल्यावर १९६३च्या मेअखेर, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने हर्णैहून तुम्ही मुंबईला गेलात. रोहिदास होती की चंपावती यावर तुमचं आणि काकांचं अजून एकमत नाही. पडावातून लाटांवर आपटत बोटीपर्यंत गेलात, रात्रभर पोत्यांवर पडून होतात, भाऊच्या धक्क्यावर उतरलात तेव्हा अंगावरचा सदरा ओकारीने भरलेला. ही गोष्ट तुम्ही मनूला तिच्या लहानपणी इतक्यांदा सांगितलीत की परवा ती एकदम म्हणाली, “लक्षद्वीपलापण पडावच आहे, आजोबांसारखा.” खरंच आहे. बेटांभोवती प्रवाळाचं कडं, आत पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला असेल तर नेतच नाहीत. तिला तेच हवंय, होडीत उतरणं. बाकी जहाज तिला फारसं माहीतही नाही.

आजी असती तर तिने बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची गोष्ट काढली असतीच. १९४७च्या जुलैत, रेवसला जाताना, सहाशेहून जास्त माणसं. तुमच्याही मनात ते असणार, तुम्ही बोलणार नाही. ती भर पावसाळ्यातली गोष्ट होती. आम्ही कार्तिकात जातोय. सुटण्याआधी प्रत्येकाला कुठे जमायचं, जाकीट कसं घालायचं ते दाखवतात, ते चुकवता येत नाही, आणि मी मनूला ते दोनदा करायला लावणार आहे. पोहते तर ती माझ्याहून बरी, तुम्हीच शिकवलंत.

एक सांगायचं राहिलं. भर समुद्रात फोन लागत नाही. जहाजाचं नेटवर्क महाग असतं, म्हणून आम्ही फोन बंदच ठेवणार. निसर्ग वादळानंतर चार दिवस तुमचा फोन लागत नव्हता तेव्हा आठ वर्षांची मनू नकाशात अंजर्ल्यावर बोट ठेवून बसली होती, रडली नाही, जेवलीही नाही. तेव्हापासून मला ‘नॉट रीचेबल’ हा शब्द सहन होत नाही. तुम्हालाही होत नसणार. तर कृपा करून त्या दिवसांत सारखा फोन लावू नका. गोव्याला लागलो की मी करते.

आता मी नसताना काय करायचं ते. बाबा, दुसऱ्या डोळ्याचे थेंब महिनाभर म्हणजे महिनाभर, दिसायला लागलं म्हणून बंद नाही. पुढच्या अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ आहे, ते गड्याकडून घासून घ्या, तुम्ही खराटा हातात धरायचा नाही. पोफळींना आळी करायलाही तोच. वादळाने पोफळी नेल्या त्या नेल्या, नव्या लावल्यात त्या तुमच्या कमरेवर वाढवायच्या नाहीत. आई, बीपीची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची, गोळीने उपास मोडत नाही, मी गुरुजींनाच विचारलंय. भातकापणी चालू आहे, कोणाच्या खाचरात अनवाणी उतरू नका दोघंही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. आणि फराळाचा घाट घालू नकोस. अर्ध्या किलोच्या चकल्या कर, तेवढ्याने दिवाळी होते. कोणासाठी करणार आहेस एवढं? (हे लिहून मलाच वाईट वाटलं. खोडत नाही.)

नाताळात आम्ही येतोय, आठ दिवस, नक्की. रजा टाकली आहे. खाट तशीच राहू दे. कासवांची पिल्लं निघायला लागली की मार्चात एक शनिवार-रविवार पुन्हा येऊ.

पाडव्याला रात्री अकराच्या आसपास आम्ही तुमच्यासमोरून जाऊ असा मनूचा हिशोब आहे. हर्णैच्या दीपगृहाचा उजेड दिसतो का ते ती बघणार आहे. जहाज फार बाहेरून जातं, तुम्हाला काही दिसणार नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही आईला न सांगता पुळणीवर जाऊन उभे राहणार हे मी ओळखून आहे. जाऊ नका. वाटेत ते गडग्याचं वळण आहे, फुरशी निघतात. आणि जाणारच असाल तर बूट घाला, मोठी बॅटरी घ्या, शेजारच्या कोणाला तरी बरोबर घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. : आई, मनूचा निरोप आहे. आलेपाक गुळाचा कर, साखरेचा तिला चालत नाही.