माझ्या आईच्या हाती सुकाणू देणाऱ्या दादांस

सोलापूर

आदरणीय दादा,
सादर प्रणाम.

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आई गेली, तेव्हा तुम्ही करमाळा तालुक्यातून एसटीने आलात, घडी घातलेले शीड छातीशी धरून अंगणात बराच वेळ उभे राहिलात आणि चहाही न घेता परतलात. त्या दिवशी मला बोलता आले नाही. आईला ओळखणारी माणसे सोलापुरात पुष्कळ आहेत, परंतु तिच्या आयुष्याची शेवटची सात वर्षे तुमच्यामुळे कशी गेली हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे आभार सर्वांसमक्ष मानते.

आई मूळची वेंगुर्ल्याची. आजोबांच्या शिडाच्या होडीवर ती आठव्या वर्षापासून सुकाणू धरत असे. 1974 साली लग्न होऊन ती सोलापुरात रेल्वे लाइन्समधल्या आमच्या घरी आली, तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी ताज्या होत्या. सिद्धेश्वर तलाव पहिल्यांदा पाहून ती वडिलांना म्हणाली होती, "पाणी आहे, पण वारा कोंडतो." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना ती रात्री लिहायला-वाचायला शिकवीत असे, आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळेल त्या ट्रकने तिकडे जाऊन दीड महिना राहिली होती. हे सारे लोकांना आठवते. समुद्र तिने कुठे ठेवला होता, हे आम्हा मुलांनीही कधी विचारले नाही.

21 मे 2018 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यात परतल्या. ती बातमी आईने कापून देवघराशेजारी लावली, आणि त्याच आठवड्यात, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, घरात काही न सांगता टेंभुर्णीची एसटी पकडून ती उजनी धरणाच्या पाणलोटावर तुमच्यापर्यंत पोहोचली. अनोळखी म्हातारी बाई होडीला शीड लावू द्या म्हणते, तेव्हा हसून परत पाठवणे सोपे होते. तुम्ही मात्र जाळी बाजूला सारली आणि विचारलेत, "मावशी, काठी किती उंचीची लागंल?"

चिलापी मासे धरायची तुमची पत्र्याची होडी सपाट बुडाची. वारा आडवा लागला की ती पुढे जाण्याऐवजी बाजूला घसरे. आईने वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला एक फळी पाण्यात उभी टांगायला सांगितली आणि ते घसरणे पुष्कळ कमी झाले. बांबूची डोलकाठी, मागे बांधलेल्या वल्ह्याचे सुकाणू, आणि पूर्व भागातल्या तिच्या विद्यार्थिनींनी दुहेरी टीप घालून शिवलेले मांजरपाटाचे शीड, एवढाच सारा सरंजाम होता. समोरून वारा असेल तर सरळ जाता येत नाही, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या अंगाने तिरपे जात नागमोडी पुढे सरकावे लागते, हे तुम्ही तिच्याकडून शिकलात; आणि दुपार कलल्यावर उजनीवर वावटळ कोणत्या बाजूने उठते, हे ती तुमच्याकडून शिकली. वर्तमानपत्रात उजनी 'मायनस'मध्ये गेल्याचे वाचून आम्ही हळहळत असू, तेव्हा ती म्हणायची की शून्य टक्क्यांनाही तळाशी 63 टीएमसी पाणी असते, माझी होडी टेकायची नाही.

दादा, एका गोष्टीची क्षमा मागायची राहिली आहे. मला हे कळले तेव्हा मी तुम्हांला फोनवर नको तितके बोलले. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळता, असेही म्हणाले. तुम्ही उलट शब्द काढला नाही, फक्त एकदा येऊन बघा म्हणालात. मी आले. आई पाय फाकवून होडीच्या मागच्या फळीवर बसली होती, शिडाची दोरी एका मुठीत, वल्हे काखेत, आणि शीड भरताच तिने मान वळवून वाऱ्याकडे असे काही पाहिले की चव्वेचाळीस वर्षे माझ्या घरात वावरलेली ही बाई मला नवीन वाटली. तुम्ही पुढे, तिच्याकडे पाठ करून, निवांत बसला होतात. तुमच्या त्या पाठीवरचा विश्वास मी कधी विसरणार नाही.

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यातून कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जीव गेले. तारीख तीच होती. आईने 'तारिणी'ची ती बातमी भिंतीवरून काढून ठेवली. मग तिने आणि तुम्ही गावोगाव फिरून पैसे जमवले आणि होड्यांसाठी लाइफ जॅकेट घेतली. उकाड्यात ती घालायला तरुण पोरे तयार नव्हती, तेव्हा तुम्ही स्वतः ते घालून दिवसभर जाळी टाकलीत आणि हळूहळू इतरांनी घातले. तुमच्या काठावर आईचे स्मारक म्हणावे असे काही असेल, तर ती केशरी जाकिटे आहेत, आणि त्यांत निम्मा वाटा तुमचा आहे.

शीड मी ठेवून घेतले होते, ते या पत्रासोबत परत पाठवीत आहे. त्याची एक शिवण उसवली होती. आईच्या दोन विद्यार्थिनींनी ती पुन्हा दुहेरी टीप घालून शिवून दिली आहे. ते तुमच्या होडीवरच असू द्यावे. वापरल्यावर उन्हात पुरते वाळवूनच घडी घालावी, ओले राहिले तर मांजरपाट कुजते, असे आई सांगत असे. तुम्हांला ते ठाऊक आहेच.

आपली कृतज्ञ,
मावशींची मुलगी