२१ व्होल्टचे ड्रिल, ४ एएचची बॅटरी आणि माझी ‘जास्त कडक’ भिंत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : तक्रार निवारण अधिकारी)

विषय : कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल किटचे पूर्ण पैसे परत मिळणे व विक्रीच्या पानावरचे खोटे दावे काढणे.

‘तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे, कृपया पाच तारे द्या’ असा मेसेज तुमच्या हेल्पलाइनकडून आत्ताच आला. समाधान कोणाचे झाले ते त्यात लिहिलेले नाही. माझे झालेले नाही, म्हणून आता थेट व्यवस्थापनाला लिहितो आहे. मशीन तुम्ही बनवता, निदान त्यावर स्वतःचे नाव तरी छापता. तेव्हा आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असणार, असे धरून चालतो.

खोक्यावर छापले आहे : काँक्रीट १० मिमी, वीट १३ मिमी, लाकूड ३० मिमी. खाली मोठ्या अक्षरांत, ‘घरातल्या प्रत्येक भिंतीसाठी’. माझे घर मायवान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या) इमारतीत आहे. पुणे-ठाणे-मुंबईकडच्या बऱ्याच नव्या टॉवरांसारख्याच या घरात विटा नाहीत, भिंती अखंड आरसीसीच्या आहेत. त्यात तुमचे मशीन ६ मिमीच्या बिटने जेमतेम प्लास्टर खरवडते, नखभर आत जाते आणि तिथेच फिरत राहते. आवाज ताशाचा, प्रगती शून्य. थोडा वेळ रेटले की बिटचे टोक निळे पडते, टोकावरचा कार्बाइडचा तुकडा ज्या जोडाने बसवलेला असतो तो जोड उष्णतेने सुटतो आणि तुकडा भोकातच राहतो. किटमधल्या ६ मिमीच्या बिटचे हेच झाले.

असे का होते हे तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत असायला हवे, पण फोनवरच्या उत्तरांवरून शंका येते म्हणून लिहितो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी कडा असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घसरतात. चक (बिट धरणारा जबडा) त्यामुळे मिलिमीटरभर पुढेमागे हलतो, आणि ठोक्यात जोर येतो तो मागून दाबणाऱ्या माणसाच्या हाताचा. विटेला, सिमेंटच्या प्लास्टरला, कोकणातल्या चिऱ्याला एवढे पुरते. आरसीसीतल्या काळ्या दगडाच्या खडीला पुरत नाही. त्यासाठी रोटरी हॅमर लागतो : पिस्टन हवा दाबतो, ती हवा आतला ठोकळा पुढे फेकते, तो बिटच्या बुडावर आदळतो, आणि एसडीएस (खोबणीने बिट अडकवणाऱ्या) चकात बिट पुढेमागे सरकायला मोकळे असते. ठोका मशीन मारते, माणसाने फक्त धरायचे.

तुम्ही खोक्यावर ‘मिनिटाला २२,५०० ठोके’ असे मिरवले आहे. १,५०० फेरे गुणिले चकतीचे १५ दात, झाला आकडा तयार. चांगला रोटरी हॅमर मिनिटाला चार-पाच हजारच ठोके मारतो, पण त्याचा एकेक ठोका दीड-दोन ज्यूलचा असतो (ज्यूल म्हणजे ठोक्यातली ऊर्जा मोजायचे एकक). तुमच्या खोक्यावर ज्यूल हा शब्द शोधूनही सापडत नाही. का नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता शेवटच्या फोनचा वृत्तांत. हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी आधी विचारले, “सर, स्विच रिव्हर्सवर नाही ना?” हा प्रश्न योग्य होता. उलटे फिरणारे बिट भोक पाडत नाही आणि ही चूक पुष्कळ जण करतात. हॅमरच्या खुणेवर रिंग आहे ना, गिअर २ वर आहे ना, तेही विचारायला हवे होते. त्याऐवजी पुढे असे झाले :

“मशीन चालू होते का सर?”
“होते.”
“चक फिरतो?”
“फिरतो.”
“मग मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाही सर.”
“भोक पडत नाही.”
“कशात सर?”
“भिंतीत.”

इथे मला बराच वेळ तुमच्या कंपनीची जाहिरातीची धून ऐकवण्यात आली. ‘एक बटण, हर काम आसान.’ मग ते परत आले.

“सर, टेक्निकल टीमशी बोललो. तुमची भिंत जास्त कडक आहे.”
“खोक्यावर काँक्रीट १० मिमी लिहिलेय. मी ६ मिमीचे भोक पाडतोय.”
“हो सर, पण ते नॉर्मल काँक्रीट.”
“नॉर्मल म्हणजे कोणते?”
“घरात असते ते.”
“हे घरच आहे.”
“मग सर एकदा तुमच्या बिल्डरशी बोलून घ्या ना.”

बिल्डरशी बोलू! काय बोलू? की तुम्ही बांधलेली भिंत मजबूत निघाली, ही सदोष वस्तू परत घ्या आणि भुसभुशीत भिंत द्या? त्या मुलाला दोष देत नाही. त्याच्या समोरच्या कागदावर जे लिहिले होते ते त्याने वाचले. तो कागद तुमच्या कार्यालयात कोणीतरी लिहिला, कोणीतरी मंजूर केला, आणि त्या माणसाने आयुष्यात भिंतीला साधा खिळाही ठोकला नसावा. भिंत जास्त कडक आहे म्हणे!

दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि ही पहिलीपेक्षा गंभीर आहे. मशीन चुकीच्या कामासाठी विकणे वेगळे आणि आकडा खोटा छापणे वेगळे. दोन्ही बॅटऱ्यांवर ‘२१ व्होल्ट, ४.० एएच’ असे लिहिले आहे (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता). २१ चे मी समजू शकतो. आत पाच लिथियम-आयन सेल एकामागोमाग जोडलेले, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणून २१. कामाला लावले की तेच सेल सरासरी ३.६ वर येतात, म्हणजे १८ व्होल्ट. बाजारातली १८, २० आणि २१ व्होल्टची ड्रिले आतून बहुधा याच पाच सेलांवर चालतात. तरीही तुमच्या पानावर ‘१८ व्होल्टपेक्षा ३ व्होल्ट जादा ताकद’ असे छापलेले आहे. ही थाप आहे, पण बाजारात रुळलेली थाप आहे, म्हणून सोडून देतो.

४.० एएच मात्र सोडणार नाही. ड्रिलचा भार पेलणाऱ्या १८६५० आकाराच्या सेलमध्ये एवढी क्षमता मावत नाही, त्यामुळे दोन-दोन एएचचे दहा सेल घालावे लागतात. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलांचेच वजन साडेचारशे ग्रॅम. जाडे २१७०० सेल वापरले तर पाचांत भागते, पण तेही प्रत्येकी ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे. तुमची अख्खी बॅटरी, प्लास्टिकचे कवच, सर्किट आणि स्टिकरसकट, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३२० ग्रॅम भरते. कवच काय हवेपेक्षा हलके आहे?

पडताळायला दुसरा मार्गही आहे. चार्जरवर १.३ अँपिअर लिहिले आहे. काम करता करता बंद पडलेली, म्हणजे पूर्ण उतरलेली बॅटरी या चार्जरवर दीड तासाच्या आत हिरवा दिवा दाखवते. १.३ गुणिले १.५, म्हणजे दोन एएचसुद्धा आत गेले नाहीत. ४ एएच भरायला याच चार्जरला तीन तासांहून जास्त लागले असते. हेही मी फोनवर सांगितले. उत्तर आले, “सर, बॅटरी वजनाने मोजत नाहीत, एएचने मोजतात.”

बाकीचे थोडक्यात. चक डगमगतो. सरळ दांड्याचे ६ मिमीचे बिट लावून हळू फिरवले तरी टोक गोल फिरताना डोळ्याला दिसते, आणि प्लायमध्ये भोक ७ मिमीचे पडते. विटेत असे झाले की ६ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) भोकात फिरत राहते आणि स्क्रू कधीच आवळत नाही. किटमधले स्क्रू आवळायचे स्टार बिट इतके मऊ आहेत की १९ मिमी प्लायमध्ये दोन-चार स्क्रू बसवल्यावर त्यांच्या कडा गोल होतात. टॉर्क (पिळण्याचा जोर) ‘४५ एनएम’ लिहिला आहे, पण तो कडक जोडावरचा (हार्ड) की मऊ जोडावरचा (सॉफ्ट) ते नाही. मोटर खरोखर ब्रशलेस आहे आणि ट्रिगरवर वेग छान कमीजास्त होतो, हे मान्य करतो. म्हणूनच जास्त राग येतो. लाकूड, पत्रा आणि विटेच्या भिंतीसाठी हे मशीन तुम्ही खरे आकडे छापून विकले असते, तर ते योग्य गिऱ्हाइकाकडे गेले असते आणि त्याने तुमचे नाव चांगलेच घेतले असते.

माझ्या मागण्या अशा. किटची पूर्ण रक्कम परत करा. बदली मशीन नको. तसेच दुसरे मशीनही याच भिंतीसमोर उभे राहणार, आणि भिंत जास्त कडक आहे म्हणे. विक्रीच्या पानावरून ‘प्रत्येक भिंतीसाठी’ आणि ‘काँक्रीट १० मिमी’ काढा. त्या जागी लिहा : वीट व चिरा – हॅमर चालू ठेवून; एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) – हॅमर बंद ठेवून आणि लांब गिट्टी वापरून (हॅमर चालू ठेवला तर भोक फाटते); आरसीसीसाठी एसडीएस रोटरी हॅमर घ्यावा. एवढ्या तीन ओळींनी तुमच्या निम्म्या तक्रारी थांबतील. बॅटरीवर खरी क्षमता वॉट-तासांसह छापा. १८ व्होल्ट आणि १.५ एएच असेल तर २७ वॉट-तास लिहायला लाज कसली?

तुमच्या विधी विभागासाठी : ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून ई-जागृती पोर्टलवरून माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावेन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बॅटरीवरच्या आकड्याची तक्रार वेगळी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाईल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते दहा लाखांपर्यंत दंड करू शकतात. काट्यावरच्या बॅटरीचा फोटो, चार्जरच्या लेबलाचा फोटो, चकाचा व्हिडिओ आणि बिल सोबत जोडले आहे. भिंतीचा फोटोही जोडला आहे, तुमच्या टेक्निकल टीमला अभ्यासासाठी.

मशीन खोक्यात भरून तयार आहे. दोन्ही बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली आहे, कारण लिथियम बॅटरी कुरिअरने उघडी पाठवू नये. कार्बाइडचा तुकडा तेवढा परत करता येणार नाही, तो भिंतीत आहे.

आपला,
एक ग्राहक