ऊन स्वतःच्या तोंडावर घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

हे पत्र आपल्याला खासगीतही पाठवता आले असते. पण मुख्य फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून माझे नाव जाहीर झाल्यापासून जो तो मला विचारतो आहे, की खेळता खेळता प्रशिक्षक कसा झालास, आणि दर वेळी मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतो. खरे उत्तर आपण आहात. ते चारचौघांत द्यावेसे वाटले, कारण ज्यांनी मला वाऱ्यावर सोडले त्यांनीही ते चारचौघांतच सोडले होते.

गुडघ्याचा लिगामेंट फाटला तेव्हा मी २७ वर्षांचा होतो. शस्त्रक्रियेचे टाके निघण्याआधीच माझ्या पाठीवरचा ९ नंबर, म्हणजे मुख्य आघाडीपटूचा क्रमांक, दुसऱ्याला देऊन झाला होता. करार वाढवणार नसल्याचा दोन ओळींचा निरोप फोनवर आला, आणि त्यात माझे आडनावही धड लिहिलेले नव्हते. गोल केल्यावर ज्या पदाधिकाऱ्यांनी मला खांद्यावर उचलून घेतले होते, त्यांनी पुढे माझा फोनही उचलला नाही. त्यांच्याबद्दल आता मनात काही नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. राग आहे, फक्त तो आता रोज आठवत नाही.

आपण मात्र, मी कधीही आपल्या हाताखाली खेळलेलो नसताना, मला १२ वर्षांखालच्या मुलांच्या सरावाला बोलावून घेतले. तेव्हा मी नीट धावूही शकत नव्हतो. सुरुवातीचे काही आठवडे मी मुलांना शिकवत नव्हतो, स्वतः अजून किती चांगला खेळतो हे दुखऱ्या पायाने त्यांना दाखवत होतो, आणि ते त्यांना जमले नाही की ओरडत होतो. जे माझ्या पायाला वर्षानुवर्षे ठाऊक होते, ते तोंडाने कसे सांगायचे हे मला ठाऊक नव्हते. बहुतेक खेळाडू प्रशिक्षक होताना इथेच अडखळतात, हे मला फार नंतर कळले.

एका संध्याकाळी मी मुलांना अर्धवर्तुळात उभे करून पास देण्याबद्दल तावातावाने बोलत होतो. मुले चुळबुळत होती, डोळे बारीक करत होती, एकाने तर कपाळावर आडवा हात धरला होता, आणि त्यांचे लक्ष नाही म्हणून माझा आवाज चढत चालला होता. आपण मैदानाच्या कडेने सावकाश चालत आलात, काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि मला बोलता बोलताच अर्धी गिरकी घेऊन पलीकडच्या बाजूला नेऊन उभे केलेत. मावळतीचे ऊन थेट माझ्या डोळ्यांत आले. माझ्याकडे वळताच मुलांच्या पाठी उन्हाकडे झाल्या. कपाळावरचा हात खाली आला, डोळे उघडले, चुळबूळ थांबली. आपण तोवर सरावाच्या खुणेचे पडलेले शंकू गोळा करायला निघूनही गेला होतात.

त्या एका गिरकीत आपण मला जेवढे शिकवलेत तेवढे पुढे प्रशिक्षक-परवान्याच्या कुठल्याच अभ्यासक्रमात शिकलो नाही, आणि ते अभ्यासक्रम चांगले होते. आपण मला मुलांसमोर टोकले असते तर चूक माझीच होती. पण आधीच सगळीकडून उतरलेल्या माणसाला आणखी एक पायरी उतरवायची नाही, हे आपल्याला सुचले. नंतर एकदाच आपण मला विचारलेत, की तो मधल्या फळीतला मुलगा चेंडू येण्याआधी मागे किती वेळा बघतो, हे मोजलेस का? मी मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी मोजले: एकदाही नाही. त्याला ‘लवकर पास दे’ म्हणून ओरडण्याऐवजी ‘चेंडू येण्याआधी मागे बघ’ असे सांगायचे असते, हे त्या दिवशी डोक्यात शिरले.

इंग्लंडचा खेळाडू आणि पुढे नामवंत प्रशिक्षक झालेल्या ब्रायन क्लफची गोष्टही मी पहिल्यांदा आपल्याच तोंडून ऐकली. २६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलँड क्लबकडून खेळताना गोलरक्षकाशी धडक होऊन त्याचा गुडघा गेला, तेव्हा तोही २७ वर्षांचाच होता. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल करणारा हा आघाडीपटू पुढे जेमतेम ३ सामने खेळू शकला. त्याच्या प्रशिक्षणाखाली डर्बीला १९७२ साली मिळालेले इंग्लिश लीगचे विजेतेपद आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ व १९८० साली जिंकलेले युरोपियन कप सगळ्यांना माहीत असतात. पण खेळणे सुटलेल्या क्लफच्या हाती संडरलँडच्या युवा संघातली मुले प्रथम सोपवणारा तिथला तेव्हाचा प्रशिक्षक जॉर्ज हार्डविक किती जणांना आठवतो? खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणाऱ्या झागालो, बेकेनबाउअर आणि देशाँ या तिघांची नावे वर्तमानपत्रे दर स्पर्धेला उगाळतात, आणि त्यामुळे मोठा खेळाडू आपोआप मोठा प्रशिक्षक होतो असा एक गैरसमजही पसरतो. आमच्यासारख्या बहुतेकांना आधी एखादा हार्डविक भेटावा लागतो.

या खेळात आवाज चढवणाऱ्यांना कणखर म्हणण्याची पद्धत आहे. मीही तसेच समजत होतो. आपण इतकी वर्षे कुणाचाही पाणउतारा न करता, कुणाच्याही श्रेयात वाटा न मागता, लहान मुलांचे संघ उभे केलेत, आणि त्यांतल्या कितीतरी मुलांना आपले काही चुकले होते हे चूक सुधारल्यानंतरच कळले असेल. असा साधा भलेपणा बातमीत येत नाही. माझ्या नेमणुकीच्या बातमीतही आपले नाव नव्हते, आणि आपल्या स्वभावाला जाणून मी ते इथेही लिहिलेले नाही.

नव्या हंगामातला आमचा पहिला घरचा सामना संध्याकाळचा आहे. आपण यावे ही विनंती. आपली खुर्ची मैदानाच्या पश्चिमेच्या कडेला, उन्हाकडे पाठ करून ठेवतो आहे. मी समोरच्या बाजूला असेन.

आपला कृतज्ञ,
एक ९ नंबर