चौथं पोट

इंदूर,
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

तुझा फोटो मिळाला. फ्लोरेन्सच्या रस्त्यावरच्या गाडीपाशी उभा राहून पाव खातोयस, हनुवटीवरनं रस ओघळतोय, आणि खाली लिहिलंयस, "ओळख बघू!" ओळखलं रे. फोटो मोठा करून बघायचीही गरज नव्हती. पावाच्या कडेनं जी करडी झालर लोंबतेय ना, तिच्या जातकुळीतली झालर मी आजीच्या परातीत लहानपणापासून पाहिलीय. आणि तू? आमच्या मागच्या अंगणात पाय टाकण्याआधी सदऱ्याचं टोक नाकाला लावणारा तू! रविवारी तुला हाक मारली तर कुंपणाबाहेरनंच "नंतर येतो" म्हणायचास. आता त्याच वस्तूसाठी युरो मोजून रांगेत उभा राहतोस. भिया, मान गए.

नाव वाचलं, लाम्प्रेदोत्तो. गाईचं चौथं पोट. टोमॅटो, कांदा, सेलरी घालून तासन्‌तास शिजवलेलं, आणि वरचा पाव त्याच पाण्यात बुडवून दिलेला. खाऊन झाल्यावर कळलं म्हणतोस. बरं, तसं समजू.

तू विचारलंस, आजी बकऱ्याच्या पोटाची वजडी कशी करायची. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय दुसरंही एक सांगायचंय, जे मी तीसेक वर्षं पोटात ठेवलंय.

आधी वजडी. इथं सदर बाजारात जाऊन "वजडी" मागितलीस तर पोरगं तोंडाकडे बघत राहील. ओझडी म्हणायचं. सकाळी सातच्या आत जायचं, नंतर हॉटेलवाले उचलून नेतात. आजी ती पितळी परातीत उपडी करायची. बकऱ्याची असली तरी पोटाचे कप्पे चारच, तुझ्या गाईसारखे. मोठा कप्पा आतून टर्किश टॉवेलसारखा, त्याला चिकटलेला एक मधाच्या पोळ्यासारखा, आणि तिसरा म्हणजे शुद्ध पोथी. पातळ पानं एकावर एक, आणि पानापानात जनावराचा शेवटचा चारा अडकलेला. वाहत्या पाण्याखाली ती पोथी पान न्‌ पान उलटत जायची. घाई करणाऱ्याच्या रश्श्यात मग दाताखाली गवत येतं.

खरी कला पुढेच. त्या टॉवेलवर एक काळपट साल असते, ती काढायला पाणी तापवायचं, पण खळखळ उकळतं नको. बोट बुडवलं की चटकन मागे घ्यावंसं वाटेल इतकंच. फार गरम झालं तर साल सुटायच्या ऐवजी घट्ट बसते, मग दिवसभर खरवडत बसा. नीट जमलं की उलथन्याच्या कडेनं साल अशी निघते जशी भिजवलेल्या बदामाची, आणि खालनं पांढराशुभ्र टॉवेल वर येतो. मग बोटभर चुना चोळायचा आणि सात पाणी. आजी मोठ्यानं मोजायची. हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरच्या सात शिट्ट्या. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि मूठभर चण्याची डाळ. ही डाळ चवीची म्हणून आमच्या घरात आजही कौतुक होतं. ती चवीची नव्हती. सात माणसांना पुरवायची होती.

आता खरं सांगतो. 1991 पर्यंत आमच्या घरात वजडी शिजत नव्हती. आम्ही कलेजी खाणारे. दसऱ्याला, पाहुणे आले की मटण, त्यात काळीज-गुर्दा वेगळा परतून बाबांच्या ताटात. बाकी आतला सगळा ऐवज मावशी घेऊन जायची. आठवते ना? आपण सगळेच मावशी म्हणायचो, पण प्यायला पाणी तिच्या ओंजळीत वरनं ओतायचो, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. ती वर्तमानपत्रात आणि वर फडक्यात बांधून ते न्यायची, मागच्या दारानं. मग बाबांच्या गिरणीला कुलूप लागलं. मटण महिन्यातून एकदा, तेही अर्धा किलो. एके रविवारी आजीनं मावशीला अंगणात बसवलं आणि म्हणाली, "कशी साफ करतेस ते दाखव." पाणी किती तापवायचं, साल कुठून धरायची, चुना किती, सगळं मावशीनं दाखवलं. बोट बुडवून बघायची युक्ती तिचीच. त्या दिवसापासून वजडी घरात राहिली, आणि मावशी रविवारी रिकाम्या हातानं जायला लागली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मला तेव्हा फक्त रस्सा झणझणीत लागला.

तू रोमला जाणार आहेस ना, तिथं टेस्टाचो नावाच्या भागात जाऊन ये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मोठा कत्तलखाना झाला, 1975 पर्यंत चालला. कामगारांच्या मजुरीतला काही भाग आतडी, शेपट्या असाच दिला जायचा. जनावराचे चार भाग ऐपतीप्रमाणे वाटले गेले की जे उरतं त्याला ते 'पाचवा चतुर्थांश' म्हणतात. कामगारांच्या बायकांनी त्याच उरलेल्यातून पदार्थ काढले, आणि आज त्याच शेपटीच्या रश्श्यासाठी पर्यटक टेबल राखून ठेवतात. पण रोमच्या खाटकाला ती शेपटी खाल्ली म्हणून कुणी विहिरीवर जायची बंदी केली नव्हती. इथं फरक पडतो, बंड्या. आपल्याकडे एखाद्याच्या वाट्याला काय येतं यावरनं तो कोण ते ठरायचं, आणि तो कोण यावरनं पुन्हा वाटा ठरायचा. महू इथनं तासाभरावर. तिथं 1891 मध्ये जन्मलेल्या माणसानं 1927 साली महाडला आपल्या लोकांना पाण्याचा हक्क घ्यायला सांगितलं, आणि त्याच वेळी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असंही सांगितलं. शाळेत आपण तळ्याचा भाग शिकलो, हा दुसरा भाग कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

मावशीचा मुलगा हल्ली माझ्या दुकानात बीपीच्या गोळ्या घ्यायला येतो. बँकेतून निवृत्त झाला. मागे मी उत्साहात म्हटलं, "दादा, तुमच्या आईची वजडी मी अजून करतो." तो म्हणाला, "आमच्याकडे नाही करत आता." गोळ्यांची पट्टी घेतली, सुटे पैसे मोजून दिले आणि गेला.

आता दुकानाचंच सांगतो. गेल्या महिन्यात इथं फ्लॅटवर पहिल्यांदा मी एकट्यानं वजडी केली. तिसऱ्या शिट्टीला वास जिन्यात उतरला (चूक माझीच, चुना कमी पडला होता), आणि पाचव्या शिट्टीला बिल्डिंगच्या ग्रुपवर संदेश आला: "काही रहिवाशांच्या अन्नामुळे इतरांच्या भावना..." वगैरे. लिहिणाऱ्या सद्गृहस्थांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. बायपासच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन देतात ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. ते घेतात त्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराची हाडं आणि कातडं. पचनासाठी त्यांच्या सौभाग्यवती पँक्रिएटिनच्या गोळ्या नेतात, ते डुकराचं स्वादुपिंड. माझं मेडिकल म्हणजे सदर बाजारातल्या दुकानाची धुतलेली शाखा आहे रे, फक्त इथं सगळं पांढऱ्या डबीत मिळतं. मी ग्रुपवर यातलं काहीच लिहिलं नाही. "क्षमस्व" लिहिलं आणि खिडक्या उघडल्या. धंदा करायचाय.

आणि तूही फार हसू नकोस. वर्षभर पास्त्यावर जे पार्मेजान किसून घेतोयस, त्याचं दूध वासराच्या चौथ्या पोटातल्या रसानं फाडतात. लाम्प्रेदोत्तो तू आत्ता खाल्लंस, चौथं पोट केव्हापासूनच खातोयस.

हे सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे तुझे बाबा, आमचे काका. मी बारावीनंतर मेडिकलवर मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा काकांचं इन्सुलिन मीच पोचवायचो. तुमच्या फ्रिजमध्ये ते देवाच्या नैवेद्याच्या लोण्याशेजारी असायचं, आठवतं? काका सोवळ्यात पूजा आटपून, आचमन करून, मग पोटाला सुई टोचायचे. एकदा रस्त्यात चालता चालता मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. 'बोवाइन' लिहिलेलं होतं. शब्द कळला नाही म्हणून मालकांना विचारला. ते म्हणाले, "बैल-गाय. कत्तलखान्यातल्या स्वादुपिंडातून काढतात. घरी बोलू नकोस." तेव्हा तसंच असायचं. मानवी इन्सुलिन 1982 मध्येच आलं होतं, पण आपल्याकडे जनावराचं स्वस्त पडायचं, म्हणून कितीतरी वर्षं तेच चाललं. ज्या माणसानं आमच्या अंगणाच्या दिशेची खिडकी रविवारी कधी उघडली नाही, तो रोज दोन वेळा तेच टोचून घेऊन जगला. मी बोललो नाही. काका गेले तेव्हा तुला सांगावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती. आता तुझ्या हनुवटीवरचा रस बघितला आणि वाटलं, हा आता ऐकू शकेल. मला त्यात काकांची खोड काढायची नाही. ते जगावेत म्हणून मी भर उन्हात बर्फाच्या पिशवीतून ती बाटली नेत होतो.

आईचंही असंच. तिचं रक्त कमी झालं तेव्हा जुन्या डॉक्टरांनी कलेजी सांगितली. तो काही गावठी इलाज नव्हे बरं का. 1926 मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी एका जीवघेण्या ॲनिमियाच्या रोग्यांना रोज भरपूर काळीज खायला घालून उठवलं. 1934 चं नोबेल त्या दोघांना आणि त्यांच्याआधी कुत्र्यांवर काळजाचे प्रयोग करणाऱ्या व्हिपलला मिळालं. काळजात नेमकं काय होतं ते 1948 मध्ये सापडलं: बी-बारा. त्याची इंजेक्शनं मी आज दिवसभर विकतो, सर्वात जास्त शाकाहारी गिऱ्हाइकांना. काळीज मात्र जपून. 1597 मध्ये आर्क्टिकात अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचं काळीज खाल्लं आणि आजारी पडले, काहींची अंगाची कातडी सोलून निघाली. त्यात अ जीवनसत्त्व अफाट असतं. तुला तिकडे अस्वल भेटणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याला जायचं, म्हणून गृहिणींना हृदय, गुर्दे खायला लावायचे होते. कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं काहींना भाषण ऐकवलं, काहींना एकत्र बसवून बोलू दिलं आणि शेवटी हात वर करून ठरवायला लावलं. भाषणवाल्यांपैकी 3 टक्क्यांनी घरी जाऊन तो पदार्थ केला, बोलणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांनी. आमच्या आजीनं भाषणही दिलं नाही आणि चर्चाही केली नाही. पहिल्या रविवारी ताट वाढलं, "पोथी कुणाला हवी?" विचारलं, आणि आम्ही तिघं भावंडं भांडायला लागलो. टॉवेल कुणाला नकोच असायचा.

बाकी ठीक. माझं युरिक ॲसिड वाढलंय, अंगठा मधूनच सुजतो, डॉक्टरांनी आतलं-बितलं सगळं बंद केलंय. तेव्हा जानेवारीत येशील त्या रविवारी मी दोन तुकडे खाईन, बाकी तुझं. शनिवारी रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी झोपून राहू नकोस, सदर बाजारात सातच्या आत पोचायचंय. पोथी मी धुतो. पाणी तू तापवायचंस, बोट तुझं.

तुझा,
दिल्या

ता. क. काकूंनी तुझा फोटो मागितला होता. पाठवला. नुसता पाव दिसेल असा कापून.