शंभर नोंदींचा टप्पा मोजायचा कसा?

मा. संपादक,
स. न.

ऑक्टोबर जवळ आला की मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता, सुधारता येतो असे) सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. कारण ‘हॅक्टोबरफेस्ट’. लोकांनी अशा सॉफ्टवेअरला सुधारणा पाठवाव्यात म्हणून डिजिटलओशन कंपनीने 2014 साली सुरू केलेल्या या उपक्रमाचा हेतू चांगलाच आहे. 2020 मध्ये महिनाभरात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रकल्पांच्या दारात कचरा साचला. माहितीच्या फायलीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढे दोन शब्द घुसडले की एक बदल झाला! तो उघडून, वाचून, नाकारायचे काम मात्र फुकट राबणाऱ्यांच्या माथी. शेवटी महिना सुरू असतानाच नियम फिरवावा लागला: ज्या प्रकल्पाने आपणहून होकार दिला, तिथलेच बदल धरायचे. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब संकेतस्थळानेही ‘सलग इतके दिवस काम’ दाखवणारा आकडा 2016 मध्ये काढून टाकला. सुटीच्या दिवशी, आजारपणात केवळ साखळी तुटू नये म्हणून काहीतरी पाठवणे हे काम नव्हेच.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आता सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या ‘इतक्या नोंदी केल्या’ म्हणून प्रमाणपत्रे वाटण्याची हौस आहे. कौतुक जरूर व्हावे, पण मोजणी चुकली की तोच कचरा वाढतो.

लिबरऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस सॉफ्टवेअरचेच घ्या. तिथे दोष नोंदवला की तो ‘अनकन्फर्म्ड’ (खात्री न झालेला) असतो. दुसऱ्या कोणी आपल्या संगणकावर तो घडवून पाहिला, तरच तो ‘न्यू’, म्हणजे खात्री झालेला, होतो. माहिती अपुरी असेल तर ‘नीडइन्फो’त (माहिती हवी) जाऊन पडतो, आणि विचारलेल्याचे उत्तर न आल्यास कालांतराने बंद होतो. म्हणून शंभर नोंदी केल्या याला अर्थ नाही. दुसऱ्याने खात्री केलेल्या किती, तेवढेच मोजावे.

खात्री होण्यासारखी नोंद म्हणजे काय, हे मराठीच्याच उदाहरणाने सांगतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. समजा पीडीएफ केल्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढे लिहिले तर परदेशातल्या तपासणाऱ्याला काहीच कळणार नाही. त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक (‘अबाउट’च्या खिडकीतून जसाच्या तसा), ऑपरेटिंग सिस्टिम, फाँटचे नाव, पायऱ्या, काय दिसायला हवे, काय दिसते, आणि त्या एकाच शब्दाची छोटी फाइल, एवढे द्यावे. ऑफिसातले चाळीस पानी पत्र जोडू नये; नोंद सगळ्या जगाला दिसते. शिवाय ‘दऱ्या’तले हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते: ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, न दिसणारा जोडक, य. दिसायला सारखेच, पण एक शोधल्यावर दुसरे सापडेलच असे नाही. कोणती तऱ्हा वापरली ते लिहिले नाही, तर तपासणाऱ्याला दोष दिसेलच असे नाही.

आणखी एक नेहमीची चूक. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ही तक्रार. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, त्यात मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली नसली की असे होऊ शकते. आधी तेवढे तपासावे. सॉफ्टवेअर ‘सेफ मोड’मध्ये (आपली सेटिंग बाजूला ठेवून) चालवून पाहावे, म्हणजे दोष आपल्याच सेटिंगचा तर नाही ना ते कळते. आणि तोच दोष कोणी आधी नोंदवलाय का, हेही शोधावे.

टप्पे मोजताना एक काम हमखास विसरले जाते: जुनी नोंद घ्यायची, नव्या आवृत्तीवर त्याच पायऱ्या करून पाहायच्या आणि ‘अजून होते’ किंवा ‘आता होत नाही’ असे आवृत्ती क्रमांकासह लिहायचे. प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. साध्या दोषाला पंधरा मिनिटे पुरतात. एकाच दोषाच्या दोन नोंदी जुळवून देणेही तितकेच मोलाचे. त्यालाही गुण द्यावेत.

प्रमाणपत्रावर नुसता आकडा न छापता नोंदींचे क्रमांक छापावेत, म्हणजे कोणालाही उघडून पाहता येईल. आणि गणती महिनाअखेरीला न करता दोन-तीन महिन्यांनी करावी. तोवर कोणत्या नोंदी ‘नीडइन्फो’त अडकल्या ते स्पष्ट झालेले असते.

– एक वाचक, पुणे